पिलांचा हिवाळा

महाराष्ट्रातील कुक्कुटपालनाविषयी बोलताना सामान्यतः उन्हाळ्याची भीती आधी घातली जाते, आणि ती अकारणही नाही. वैशाखात विदर्भ-मराठवाड्याच्या उघड्या माळावर, पत्र्याच्या छपराखाली, वाढलेल्या कोंबड्या एका दुपारीत धापा टाकून मरतात, आणि हा प्रकार इतका डोळ्यांत भरणारा असतो की, त्याच छपराखाली पौषातल्या एखाद्या पहाटे कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेली पिले कोणाच्या फारशी लेखी येत नाहीत. शिवाय थंडीने गेलेले पिलू सहसा थंडीच्या नावावर मांडलेच जात नाही. ते हगवणीने गेले, किंवा ‘रोग आला’ अशा मोघम सदराखाली ते खर्ची पडते. कारण थंडी स्वतः क्वचितच मारते. ती पिलाला दाण्यापासून आणि पाण्यापासून दूर ठेवते, त्याची पचनशक्ती आणि प्रतिकारशक्ती मंदावते, आणि उरलेले काम जंतूंवर सोपवून नामानिराळी होते.

मुळात पिलाच्या दृष्टीने थंडी कोठे सुरू होते, हे ठरविल्यावाचून हा विषय उलगडत नाही. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाला पहिल्या आठवड्यात आपल्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे जुन्या मोजमापाने ९५ अंश फॅरनहाइट, इतकी ऊब लागते. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती उतरवीत नेली, तर पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास २१ अंशांवर येऊन ठेपते, आणि तेथून पुढचा भार पिलाच्या अंगावरची पिसे उचलतात. हे कोष्टक नीट वाचले म्हणजे ध्यानात येते की, ज्या २० अंशांच्या रात्रीला मुंबईकर ‘गुलाबी थंडी’ म्हणून गौरवितो, ती पहिल्या दिवसाच्या पिलाला पंधरा अंशांनी अपुरी असते, आणि श्रावणातील कोकणची २५ अंशांची भिजट सकाळसुद्धा त्याच्या लेखी हिवाळ्यातच मोडते.

देशावरील खऱ्या हिवाळ्यात हा तुटवडा फारच वाढतो. पण त्या हिवाळ्याचा स्वभावही समजून घेण्यासारखा आहे. हिमप्रदेशातील हिवाळ्याप्रमाणे तो अष्टौप्रहर ठाण मांडून बसत नाही. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी; त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता निर्वेधपणे आकाशाकडे सोडीत राहते, तिला अडविण्यास वर ढगांचे आच्छादन नसते की हवेत पुरेसे बाष्प नसते, आणि जमिनीलगतची गार होऊन जड झालेली हवा उतारावरून हळूहळू ओघळत खोलगट भागात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातील निफाडचा पारा ऐन हिवाळ्यात चार-पाच अंशांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही खाली उतरतो, याची बातमी दरवर्षी वृत्तपत्रांत येते. मात्र त्याच निफाडात दुपारी दोन वाजता शेतकरी डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसत असतो, ही बातमी होत नाही. रात्र आणि दुपार यांच्यात वीस-वीस अंशांची तफावत, हा दख्खनच्या पठाराचा नित्याचा शिरस्ता आहे. आणि या चक्रातील सर्वांत थंड घटका मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या अगदी लगतची असते. उघड्यावर पिले राखणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची आहे. कारण त्याला अहोरात्र आग पेटती ठेवावयाची नसून रात्रीच्या नऊ-दहापासून सकाळच्या आठपर्यंतचा बंदोबस्त करावयाचा असतो, आणि त्यातही पहाटे चारनंतरचे तीन तास सांभाळले की बहुतेक जोखीम टळते.

पिलाला इतकी ऊब का लागावी, याचे उत्तर त्याच्या देहाच्या घडणीत आहे. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे माणसाचे जे ज्वराचे तापमान तेच तिचे निरोगी तापमान. परंतु नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे तापमान त्याहून दोनएक अंशांनी कमी असते, आणि ते एका पातळीवर टिकवून धरणारी मेंदूतील व स्नायूंतील यंत्रणा पक्व होण्यास दोन-तीन आठवडे जावे लागतात. तोपर्यंत भोवतालची हवा गार झाली की पिलूही गार होत जाते. त्यात भर म्हणजे आकाराचे गणित. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची आणि तिचे पिलू २५-३० ग्रॅमचे, म्हणजे वजनात जवळजवळ पन्नासपटीचा फरक. परंतु वजन घटते त्या प्रमाणात अंगाचे क्षेत्रफळ घटत नसल्यामुळे, दर ग्रॅम वजनामागे पिलाची उघडी पडलेली त्वचा आईच्या साडेतीन-चारपट असते. उष्णता उत्पन्न करणारे मांस थोडे आणि ती गमावणारा पृष्ठभाग मोठा, अशा या तोट्याच्या व्यवहारात निसर्गाने त्याला दिलेले भांडवलही तुटपुंजेच आहे: अंगावर पिसे नाहीत, केवळ मऊ लव आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या नवजात अर्भकांत उष्णता निर्माण करणारी जी तपकिरी चरबी आढळते, ती पक्ष्यांच्या वाट्याला आलेलीच नाही. कुडकुडून स्नायूंतून जी काय ऊब निघेल तेवढीच त्याची स्वतःची मिळकत.

ही लव कोरडी असेपर्यंत तिच्यात हवा कोंडून राहते आणि म्हणून ती बरेच काम देते. पण ती भिजली की ओल्या गोधडीसारखी उलट गारवाच धरून ठेवते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ही सारी उष्णता तीस ग्रॅम वजनाच्या पिलाच्या शरीरातूनच ओढली गेली असे क्षणभर धरले, तर त्याचे तापमान वीस अंशांहून अधिक उतरेल इतकी ती मोठी आहे. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भोवतालच्या हवेकडून येते आणि पिलूही काही स्वस्थ बसलेले नसते. तरी पाण्याच्या उथळ थाळीत एकदा पाय घसरून पडलेले पिलू अर्ध्या तासात मान टाकते, त्याचे रहस्य या हिशेबात आहे. म्हणून पाण्याचे भांडे अरुंद काठाचे असावे, किंवा रुंद थाळीच वापरावयाची तर तिच्यात धुतलेले गोटे टाकावेत, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी हिवाळ्यात ती शेगडीइतकीच महत्त्वाची ठरते.

आता कोंबडी हा प्रश्न कसा सोडविते ते पाहावे; कारण माणसाने आजवर काढलेल्या सर्व युक्त्या तिच्याच पद्धतीच्या कमी-अधिक विश्वासू नकला आहेत. खुडूक झालेल्या कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते, ती अंडी घालणे थांबविते, तिच्या छातीखालची पिसे विरळ होतात आणि तेथील त्वचेत रक्तवाहिन्यांचे जाळे दाटते. त्यामुळे अंड्याला, आणि एकवीस दिवसांनंतर पिलाला, पिसांचा पडदा मध्ये न येता थेट अंगाची ऊब मिळते. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. पिले फुटल्यावर कोंबडी अंगण तापवीत नाही. अंगण दहा अंशांवर असेल तर ते दहा अंशांवरच राहते. ऊब असते ती केवळ तिच्या पोटाखालच्या वीतभर जागेत. पिले त्या जागेतून बाहेर पडतात, चार दाणे टिपतात, गारवा लागला की चिवचिवत परत आत शिरतात, पाठ तिच्या छातीला टेकवून उभी राहतात, आणि तापली की पुन्हा बाहेर. पहिल्या दिवसांत ही ये-जा मिनिटामिनिटाला चालते, मग तिच्यातले अंतर वाढत जाते, आणि दीड-दोन महिन्यांनी आईच त्यांना टोचून दूर करू लागते. कोणत्या पिलाला केव्हा किती ऊब हवी, याचा निर्णय येथे सर्वस्वी पिलावर सोपविलेला असतो. आणि ज्याला ऊब हवी तेव्हा मिळते व नको तेव्हा टाळता येते, ते पिलू लवकर पिसे धरते, असा जाणत्या पालकांचा अनुभव आहे. उलट अखंड उष्ण खोलीत वाढविलेली पिले मलूल राहतात, एकमेकांची पिसे उपटतात, आणि बाहेर काढली की पहिल्याच वाऱ्याला बळी पडतात.

कोंबडी रवणीला बसविणाऱ्या आपल्याकडील बायकांना यातला व्यवहार पूर्वीपासून ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी जी कोंबडी चौदा-पंधरा अंडी सहज उबविते, तिच्याखाली हिवाळ्यात दहा-अकराच ठेवावीत, कारण कडेची अंडी उघडी पडून गार होतात, हा त्यांचा दस्तुर शास्त्राला धरून आहे. पिले फुटल्यावर ती डालग्याखाली डालून ठेवावयाची, डालग्यावर गोणपाट टाकावयाचे, आणि डालगे ठेवावयाचे ते गोठ्याच्या किंवा चुलीच्या भिंतीला लागून. गोठ्यातील जनावरांच्या अंगची ऊब आणि रात्रभर धग धरून ठेवणारी मातीची भिंत, या दोहोंचा फायदा असा फुकट पदरात पडतो. ज्यांच्याकडे हिवाळ्यात खुडूक कोंबडी आहे आणि वाढवावयाची पिले डझनभरच आहेत, त्यांनी दिवे आणि पेट्या यांच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिलेदेखील अशा कोंबडीच्या पोटाखाली रात्रीच्या अंधारात हलकेच सरकवली, तर बहुधा सकाळी ती त्यांना आपली म्हणून पत्करते. मात्र ती काही दिवस अंड्यांवर बसलेली असली पाहिजे, आणि पिले आठवड्याहून मोठी नसली पाहिजेत.

अडचण अशी की, ही आयती आई आता दुर्मिळ झाली आहे आणि तिला दुर्मिळ आपणच केले आहे. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देऊन थांबते, याचे एक मोठे कारण तिचे वारंवार खुडूक होणे हे आहे. म्हणून इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ पुसून टाकण्यात आला. अंडी वाढली, पण ती उबविणार कोण आणि पिले पोटाशी घेणार कोण, हे दोन्ही प्रश्न माणसाच्या गळ्यात पडले. पहिला प्रश्न मिसरमधील लोकांनी फार प्राचीन काळीच मातीच्या भट्ट्या बांधून सोडविला होता. दुसऱ्या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले ते फ्रान्समधील रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने, ज्याच्या नावाची तापमापन-श्रेणी एके काळी युरोपभर प्रचलित होती. १७४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने कुजणाऱ्या शेणखताच्या उबेवर अंडी फोडण्याची रीत तर सांगितलीच, पण त्यातून निघालेल्या पिलांसाठी एक ‘कृत्रिम माता’ही वर्णिली: आतून कोकराच्या लोकरी कातड्याने मढविलेली, उतरत्या छपराची एक बुटकी पेटी, जिच्यात पिलाने आपल्या उंचीप्रमाणे हवे तितके आत जावे आणि छपराच्या लोकरीला पाठ टेकवावी. पिलाला ऊब पाठीवर हवी असते, ती स्पर्शाने हवी असते, आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी असते, ही तिन्ही मर्मे त्याने अचूक हेरली होती. नंतरच्या काळातील कित्येक महागड्या यंत्रांना ती साधली नाहीत.

पुढे उबवणीचा व्यवसाय इतका वाढला की, पिले जन्मस्थानापासून शेकडो मैल रवाना होऊ लागली. हे शक्य होते ते निसर्गाच्या एका तरतुदीमुळे: अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते, आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते. आईने मागून फुटणाऱ्या अंड्यांवर बसून राहावे, एवढ्यासाठी असलेली ही मुदत व्यापाऱ्यांनी आगगाडीच्या आणि मोटारीच्या प्रवासाकरिता वापरली. शंभर पिलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसांचे चार कप्पे असतात, तेही हेतुपुरस्सर. तेवढी पिले एकमेकांच्या अंगाने ऊबदार राहतात, पण परस्परांखाली चिरडून गुदमरण्याइतकी त्यांची गर्दी होत नाही. पुण्याजवळील खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातून किंवा खाजगी उबवणी केंद्रांतून गिरिराज, वनराज अशा परसातील पालनासाठी काढलेल्या जातींची पिले नेणाऱ्याने हे खोके घरी आल्यावर लगेच मोडीत काढू नये. वीज गेलेल्या एखाद्या पहाटे त्याचा काय उपयोग होतो ते पुढे येईल.

या जाती ‘परसातल्या’ म्हणून विकल्या जातात, त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की पिले आणली आणि परसात सोडली म्हणजे झाले. वस्तुतः त्यांनाही पहिले पाच-सहा आठवडे कृत्रिम उबेत काढावेच लागतात. आता ही ऊब उघड्या पडवीत, कुडाच्या खोपीत, किंवा जाळी मारलेल्या छपरीत कशी द्यावी? सर्वसाधारण प्रघात असा की, छपराच्या आढ्याला एक मोठा दिवा टांगावयाचा आणि साऱ्या छपरीला ऊब येईल अशी आशा करावयाची. ही आशा पदार्थविज्ञानाच्या विरुद्ध आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, छपराच्या फटींतून निसटते, आणि तिच्या जागी जमिनीलगतची गार हवा पिलांच्या अंगावरून वाहत येते. पैसा आकाश तापविण्यात जातो आणि पिले कुडकुडतच राहतात. त्याऐवजी दिवा एका उपड्या पेटीच्या किंवा मोठ्या टोपलीच्या आत बसवावा, पेटीच्या कडा जमिनीपासून चार-पाच बोटे उंच राहतील अशा विटांवर टेकवाव्यात, आणि पेटीच्या माथ्यावर भाताचे तूस किंवा वाळलेले गवत यांचा चांगला वीतभर थर द्यावा. मात्र दिवा व त्याची वायर यांना तूस-गवताचा स्पर्श होणार नाही, याची खबरदारी घ्यावी. वर जाणारी उष्ण हवा मग त्या माथ्याखालीच कोंडून राहते, आणि थोड्या विजेत भागते. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषि-संशोधन केंद्राने अशाच बुटक्या, माथ्यावर भुशाचा थर दिलेल्या आणि साध्या दिव्यांवर चालणाऱ्या पेटीचा पुरस्कार केला, तो या साधेपणासाठीच. आपल्याकडील बुरुडाच्या हातची मोठी पाटी, आतून मातीने व शेणाने सारवून वाळविलेली, हे काम जवळजवळ तितकेच चोख करते.

दिव्याचा हिशेब हिवाळ्यात दर पिलामागे सुमारे दोन वॉट असा धरावा. शंभर पिलांना दोनशे वॉट पुरतात, पण ते दोन किंवा तीन दिव्यांत वाटून द्यावेत, म्हणजे एक दिवा उडाला तरी सर्वनाश ओढवत नाही. अवरक्त किरणांचा २५० वॉटचा दिवा वापरल्यास तो जमिनीपासून सुमारे दीड फुटावर टांगून हवामानाप्रमाणे वर-खाली करता येतो. तो हवेपेक्षा पिलांच्या अंगालाच थेट तापवितो, हा त्याचा गुण, आणि साखळी तुटून भुशावर पडला तर आग लावतो, हा त्याचा अवगुण. हल्ली घरोघरी आलेल्या एलईडी दिव्यांचा मात्र येथे काडीचाही उपयोग नाही. ते विजेचे प्रकाशात रूपांतर फार कार्यक्षमतेने करतात म्हणून आपण त्यांची वाखाणणी करतो. पिलांना प्रकाशाशी कर्तव्य थोडे आणि जुन्या दिव्याच्या ‘नासाडी’शीच अधिक असते.

वीज नसलेल्या वस्तीत कोळशाची किंवा भुशाची शेगडी पेटविली जाते, आणि येथे मला जरा कठोर बोलणे भाग आहे. थंडीच्या भीतीने चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधून आत शेगडी ठेवणे, हा पिलांना मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बिनबोभाट बळकावतो. सकाळी पिले शांत झोपल्यासारखी आडवी दिसतात, आणि तेथेच राखणीला निजलेल्या माणसाच्याही जिवावर बेतते. शेगडी वापरावयाचीच असेल तर निखारे बाहेर फुलवून धूर सरल्यावर आत आणावेत, वर धुराड्यासारखी वाट मोकळी ठेवावी, भोवती जाळीचे किंवा पत्र्याचे कडे असावे, आणि त्या जागेत कोणी झोपू नये. तापविलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून ठेवणे, किंवा गरम पाण्याने भरलेला, तोंड घट्ट बांधलेला डबा पिलांमध्ये ठेवणे, हे इलाज कष्टाचे खरे, पण निर्धोक आहेत. रात्रीतून दोनदा उठण्याची तयारी मात्र हवी.

शेगडीपेक्षाही मला अधिक खटकते ते कोंडणे. वारा आणि हवा यांत तारतम्य करणे हीच हिवाळी पालनातील अर्धी विद्या होय. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत वाऱ्याची एक झुळूकही आत येता कामा नये. त्यासाठी पिलांभोवती पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे फूट-सव्वा फूट उंचीचे गोल कडे करावे, आणि ते गोलच असावे, कारण थंडीने घाबरलेली पिले कोपऱ्याकडे धावतात व तेथे एकमेकांखाली दडपून मरतात. परंतु त्या उंचीच्या वर हवा खेळती राहिलीच पाहिजे. म्हणून जाळीवरचे गोणपाटाचे पडदे वरून खाली सोडण्याऐवजी खाली पक्के करून वर ओढता येतील असे लावावेत, आणि अत्यंत थंड रात्रीही माथ्याशी वीतभर फट मोकळी ठेवावी. विष्ठेतून अमोनिया निघतो, पिलांच्या श्वासातून आणि सांडलेल्या पाण्यातून बाष्प निघते, आणि या दोहोंना वाट मिळाली नाही की भुसा ओला होतो, डोळे चिकटतात, आणि रक्ती हगवणीच्या परजीवींना हवे तसे रान मोकळे होते. हवा परीक्षावयाची ती उभ्याने नव्हे. पिलांच्या उंचीवर नाक नेऊन, उकिडवे बसून, एक दीर्घ श्वास घ्यावा. डोळ्यांना झोंबले तर पडदा आणखी उतरवावा, मग बाहेर कितीही थंडी असो.

जमिनीकडेही पाहिले पाहिजे, कारण फरशी किंवा शहाबादी लादी पिलाच्या पोटातील ऊब थेट ओढून घेते. भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा दोन-तीन इंचांचा थर उन्हाळ्यात पुरतो; हिवाळ्यात तो दीडपट करावा, आणि पिले येण्यापूर्वी एक दिवस दिवे लावून तो भुसा स्वतः गरम होऊ द्यावा, कारण वरची हवा तासाभरात तापते, पण गारठलेला भुसा नाही. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरतात, म्हणजे पिले भुसा टोचीत नाहीत. तो कागद गुळगुळीत नसावा, नाही तर पाय फाकून पिले कायमची अधू होतात. प्यावयाचे पाणी कोमट द्यावे, प्रथम थोडा गूळ घालून. आणि हिवाळ्यात पिले जास्त खातात याचा आनंद मानू नये, कारण त्या जादा दाण्याचे मांस होत नाही, ती केवळ शेगडीला घातलेली लाकडे असतात.

उष्णतामापक जवळ असावा, पण त्याच्या साक्षीवर सर्वस्वी विसंबू नये. पिले दिव्याखाली घट्ट गोळा होऊन तीव्र, उंच स्वरात ओरडत असतील, तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर, कड्याला चिकटून, चोची उघड्या टाकून बसली असतील, तर फाजील आहे. सारी एकाच बाजूला लोटली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा शिरत आहे आणि तो शोधला पाहिजे. अन्नाभोवती, पाण्याभोवती, दिव्याखाली अशी ती विखुरलेली असतील आणि त्यांचा आवाज मंद किलबिलीचा असेल, तर आकडा काही का सांगेना, तो बदलू नये. ही पाहणी दिवसा करून भागत नाही. ती पहाटे साडेचार-पाचला एकदा तरी करावी. वीज जाण्याची वेळही बहुधा तीच असते, आणि अशा वेळी मघाचे ते कप्प्यांचे खोके कामास येते: तळाशी भुसा पसरून पंचवीस-पंचवीस पिले त्यात उतरवावीत, वर हवा जाईल असे विरळ गोणपाट टाकावे, आणि सूर्य वर येईपर्यंत ती आपल्याच उबेवर सुखाने निभावतात. परस्परांच्या उबेवर भागविण्याची हीच कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क राज्यातील फिलो या गृहस्थाने विनाशेगडीच्या पेट्यांत वापरली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशा-तेलाच्या टंचाईने गांजलेल्या इंग्लंडात तिने अधिक व्यवस्थित रूप घेतले. दुहेरी भिंतींत गवत ठासून भरलेली निजण्याची लहानशी खोली, तिला लागून जाळीचे उघडे अंगण, आणि तीन-चार आठवड्यांची पिले त्या पेटीसह थेट कुरणात, कोणत्याही दिव्याविना. इंग्लंडच्या हवेत जे निभावले, ते नाशिक-धुळ्याकडील महिन्याभराच्या पिलांना जड जाण्याचे कारण नाही. कडब्याची कुटी किंवा गव्हाचे काड आपल्याकडे मुबलक आहे.

महिन्याभराच्या आतही पिलांना दिवसा अंधारात डांबून ठेवण्याची गरज नसते. दुसरा आठवडा सरला की सकाळी दहानंतर, दव वाळल्यावर, भिंतीच्या आडोशाला कोवळ्या उन्हात जाळीखाली त्यांना तास-दोन तास सोडावे. आपल्या हिवाळ्यातील दुपार त्यांना पुरेशी ऊबदार असते, आणि उन्हाने त्यांच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होऊन हाडांना बळकटी येते. ही मुदत दररोज वाढवावी, पण ऊन कलण्यापूर्वी, चारच्या सुमारास, त्यांना आत घ्यावे. घार आणि मुंगूस यांचाही बंदोबस्त तेवढ्या वेळात ठेवावा लागतो. दिवे प्रथम दिवसा बंद करावेत, मग रात्रीच्या पूर्वार्धात, आणि पहाटेचा दिवा सर्वांत शेवटी. तो काढण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवू नये, पाठ पाहून ठरवावा. पंखांवर पिसे पहिल्याच आठवड्यात फुटतात, त्याने फसू नये. पाठ व छाती पिसांनी पूर्ण झाकली गेली म्हणजेच पिलू सुटे झाले. लेगहॉर्नमध्ये हे लवकर होते, जड अंगाच्या जातींत आठवडाभर उशिरा. त्यानंतर खुराड्यात बसण्यासाठी दांडी बांधावयाची ती गोल बारीक काठी नसावी, दोन इंच रुंदीची, चपटी व कडा मोडलेली पट्टी असावी, म्हणजे त्यावर पाऊल सपाट टेकते आणि रात्री बसल्यावर छातीची पिसे बोटांवर उतरून ती झाकली जातात.